देव पाण्यात, पेनड्राईव्हसकट

त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास पार डळमळला होता, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघं जर्मनीत मुलीकडे गेलो होतो आणि तिथून फिरायला म्हणून एका डोंगरातल्या गावी. नाश्ता करता करता ह्यांच्या हातातला कप सुटला, बोलणं अडखळलं. तिथल्या हॉस्पिटलात स्कॅन केला तर डोक्यात एक डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा नवा असेल तर डोकं उघडावं लागेल, जुना असेल तर औषधांवर भागेल. उद्यापर्यंत थांबता येईल, त्यापुढे नाही. ह्यांचा एमआरआय काही वर्षांपूर्वी मालाडला काढला होता. रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, पण त्यावरून ताडून बघता येईना, त्यांना मूळ चित्रं हवी होती. ते सेंटर कधीच बंद पडलेलं. चित्रं उरली होती एका पेनड्राईव्हमध्ये, कांदिवलीच्या घरी, देव्हाऱ्यात.

देव्हाऱ्यात का, तर आमच्याकडे पद्धतच तशी. निकाल, किल्ल्या, तिकिटं, जे जपायचं ते देवापाशी. निघताना मी तो पेनड्राईव्ह देवांखालच्या लाल कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवला होता. घरी माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना फोन लावला.

"वहिनी, देवांखालचं कापड बघा. टोकाला गाठ आहे, त्यात पेनड्राईव्ह आहे."

वहिनी हळूच म्हणाल्या, "अगो, भावजींचा कळला आणि मी देव पाण्यात ठेवलंय. घाईत काय बघूक नाय. कापडासकट उचलून घंगाळात सोडलंय."

मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. भावजी बरे होईपर्यंत देवांना पाण्याबाहेर काढायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ज्याच्या भरवशावर ठेवलं त्यानेच बुडवलं, असं वाटलं आणि इतका संताप आला की नवस बोलायलाही जीभ वळेना. "आता तुझं तू बघ," एवढंच म्हटलं. वहिनींना नव्हे, देवाला.

वहिनी तो ओला पेनड्राईव्ह पदरात घेऊन जिना चढल्या. वरच्या मजल्यावर एक बाई नुकत्याच भाड्याने आल्या होत्या, आमची साधी ओळखही नव्हती. तेवढंच दार उघडं दिसलं म्हणून वहिनी आत शिरल्या. आत बुद्धांच्या मूर्तीपुढे दिवा आणि टेबलावर दोन कॉम्प्युटर. परदेशात मोठमोठ्या फाइली पाठवणं हेच त्या बाईंचं रोजचं काम. हे फोनवर ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

त्या बाईंनी पेनड्राईव्ह पुसून पंख्याखाली ठेवला. वहिनी घाई करायला लागल्या तर म्हणाल्या, "काकू, ओला लावला तर पुरती वाट लागेल. थांबा ना." दुसऱ्या दिवशी त्यांचाच मला फोन आला. "ताई, उघडला. पण हे तुमच्या मिस्टरांच्या डोक्याचे फोटो, असे उघड्यावर नको पाठवायला. फाइलला कुलूप लावते. पासवर्ड लिहून पाठवायचा नाही, आत्ता तोंडी सांगा."

माझ्या तोंडून निघालं ते गावी देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे एका सुरात म्हणतात ते, "व्हय म्हाराजा." मागून वहिनींनीही सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा." तोच पासवर्ड ठरला.

मुलीच्या लॅपटॉपवर फाइल उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला. उतरली, पासवर्ड घातला, उघडली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तोच डाग, तेवढाच. डोकं उघडायची गरज नव्हती. मी तिथेच हमसून रडले.

मग फोन केला. "वहिनी, आता देव बाहेर काढा."

"ते कालच काढलंय गो. गाठ सोडवूची तर देव आधी भायर काढूक नको? परत ठेवूचा ध्यानातच रवला नाय."

म्हणजे आमचं काम झालं तेव्हा देव पाण्यात नव्हतेच. आम्हीच त्यांना वेठीला धरत होतो, आणि सोडल्यावर त्यांनी धाव घेतली.

परत आल्यावर आधी वर गेले. त्या बाईंनी आपल्याकडची फाइल माझ्यासमोर पुसून टाकली आणि चहा ठेवला. मी आता देव पाण्यात ठेवत नाही. लाल कापडासमोर हात जोडते आणि "व्हय म्हाराजा" म्हणते, पुढे काही मागत नाही.