तळ्यावरचा आडवा धूर

संध्याकाळी तळ्यावर धूर आडवा पसरला होता. खाली गार आणि वर उबदार हवा असली की धूर वर चढत नाही. आवाजही तसाच वाकून, पाण्यावरून पलीकडच्या काठावर उतरतो. निवलेला रागही बहुधा असाच दूरवर पोहोचतो.

पत्नीच्या अखेरच्या आजारात मंडळाच्या अध्यक्षांनी कर्णे आमच्या खिडकीकडे लावले होते. विनवणी केली तर म्हणाले, "काका, उत्सव आहे. कानात कापूस घाला." आता शांततेसाठी त्यांनी पलीकडच्या काठावर बंगला बांधला आहे.

आज कार्यकर्ते विचारायला आले, "काका, तुम्हाला त्रास नको. कर्णे कुठे वळवू?"

"तळ्याकडे."

तिच्या औषधांच्या फडताळातला कापूस मी पुडीत बांधून दिला. "हा अध्यक्षांना पोहोचवा."