उजव्या पायाची चप्पल

माझ्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात, हळद शिजवायच्या दिवसांत, सासऱ्यांनी माझ्या उजव्या पायात चप्पल घातली. शिजणाऱ्या हळदीचा वास आला की ती दुपार आठवते. घरचे सगळे आखाडा बाळापूरजवळच्या शेतात गेले होते. घरी मी आणि मामंजी दोघंच. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की थेट बोललेही नव्हते. त्या दिवशी मी सकाळपासून लघवी दाबून बाजेवर बसले होते. त्यांनी ओसरीतून विचारलं, "पाणी पायजे का?" मी मानेनंच नाही म्हटलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मंग बाहेर जायचं आसंल. सांगायचं न्हाई का पोरी? लाजून तकलीफ वाढती, दुसरं काय व्हतं?" ते खाली बसले, चप्पल माझ्या पायात सरकवली आणि खांदा पुढे केला. सणावाराला मी ज्यांच्या पाया पडते, त्यांचा हात माझ्या पायाला लागला होता आणि मला वाकून नमस्कारही करता येईना. मी रडले. मला संडासापाशी सोडून ते लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि मी बाहेर येईपर्यंत मोठमोठ्यानं म्हशीला शिव्या देत राहिले. संध्याकाळी सासूबाई आल्या, कोपरापर्यंत पिवळ्या. "दिवसभर कसं केलंस गं?" मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, "काठी दिली व्हती मी. एकटीच गेली." आमच्या घरात काठी नव्हती. ती कुठे आहे, हे सासूबाईंनी आजपर्यंत विचारलेलं नाही.