सर्वपित्रीला जेवायला आलेला जर्मन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी खाली अक्कल पाजळायला नको. भूत, आत्मा, करणी, बाहेरचं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. मी सिंगापूरला एका बँकेत कागदपत्रं तपासायचं काम करतो. समोरचा म्हणाला "मी अमुक अमुक", की माझा हात आपोआप पुढे होतो – कागद दाखवा. अशा माणसावर अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ यावी, याचा मला आजही राग येतो. पण घडलं ते घडलं, आणि मी शुद्धीवर होतो.

२००६ चा सप्टेंबर. आम्ही बिशानला सरकारने बांधलेल्या एचडीबी फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर राहायचो – मी, माझी बायको मीनल, आणि तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेली माझी आई.

मला एक छंद आहे. जुन्या जर्मन लष्करी फोटोंमधली माणसं ओळखण्याचा. का, ते विचारू नका. आई रोज विचारायची, तिलाही सांगता आलं नाही. इंटरनेटवर आमचा एक फोरम आहे. लोक तिथे ट्रंकेत सापडलेले आजोबा-पणजोबांचे फोटो टाकतात, मागे नाव नसतं. मग आम्ही चार-पाच रिकामटेकडे खांद्यावरच्या पट्ट्या, कॉलर, मेडलं, रिबिनी बघून सांगतो की हे गृहस्थ कोण, कुठल्या हुद्द्यावर होते. मी फक्त पहिल्या महायुद्धातले फोटो बघतो. दुसऱ्या युद्धातल्या मंडळींकडे ढुंकूनही बघत नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

तर त्या वर्षी इल्झे नावाच्या एका निवृत्त जर्मन शिक्षिकेने एक फोटो टाकला. तिची आई एक्याण्णव वर्षांची, नर्सिंग होममध्ये, आता फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणत होते. ही आई जन्माला आली तेव्हा वडील युद्धावर होते, आणि ते परत आलेच नाहीत. तिने बापाचं तोंड पाहिलेलं नाही. घरात एकच फोटो, मागे नाव नाही. काही नातेवाईक म्हणायचे हा विल्हेल्म, म्हणजे तिचा बाप. काही म्हणायचे छे, हा ऑगस्ट, तिचा काका. तोही युद्धातून परतला नव्हता. इल्झेच्या आजीने, म्हणजे विल्हेल्मच्या बायकोने, मात्र एवढं पक्कं सांगून ठेवलं होतं, की विल्हेल्म लेफ्टनंट होता आणि आघाडीवर लढताना गेला, आणि ऑगस्ट कुठेतरी मागे धान्याच्या कोठारावर होता. म्हातारीची एकच इच्छा उरली होती – हा माझा बाप का, एवढं कुणीतरी सांगा.

मी फोटो पाहिला. छातीजवळ आयर्न क्रॉसची रिबीन दिसली आणि मी दणक्यात लिहून टाकलं – लढणारा माणूस आहे, म्हणजे हा विल्हेल्मच. फोरमवर वाहवा झाली. इल्झेने कळवलं की आईने फोटो उशाशी ठेवलाय, रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणते. आठवडाभर मी घरात जरा छाती काढूनच हिंडत होतो.

आता माझा काटेकोर स्वभाव. अंतिम रिपोर्ट मूळ फोटोवरूनच देणार, असा माझा नियम. इल्झे बिचारीने आईजवळ कॉपी ठेवली आणि मूळ फोटो मला कुरियरने पाठवला. मी भिंग लावलं... आणि पुसून पुन्हा लावलं. लढणाऱ्याला मिळायची ती रिबीन काळी, तिच्या कडा पांढऱ्या. न लढणाऱ्याला, म्हणजे कोठार सांभाळणाऱ्या, पगार वाटणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना मिळायची ती उलटी – मध्ये पांढरी, कडा काळ्या. स्कॅनमध्ये ते सगळं एक झालं होतं. इथे भिंगाखाली स्वच्छ पांढरी दिसत होती. म्हणजे हा लेफ्टनंट नव्हे. हा कोठारावरचा. ऑगस्ट. म्हातारी रोज सकाळी चुलत्याला गुड मॉर्निंग म्हणत होती.

मी मेल लिहिली. "कळवण्यास खेद होतो की..." आणि चार दिवस ती ड्राफ्टमध्येच ठेवली. एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या उशाचा बाप काढून घ्यायचा, हे मला तरी कुठे बरं वाटत होतं? पण चूक ती चूक. शुक्रवारी मी सुट्टी घेतली होती. ठरवलं, शुक्रवारी दुपारी पाठवून मोकळं व्हायचं.

तो शुक्रवार सर्वपित्री अमावास्येचा होता. सुट्टी त्यासाठीच घेतली होती, कारण आई घरात असताना त्या दिवशी ऑफिसला जाणं म्हणजे वर्षभर ऐकून घेणं. मीनल सकाळी सहाला उठून उडदाचे वडे तळून, खीर करून ऑफिसला गेली. मी टेक्का मार्केटमधून आणलेली गवार निवडून दिली, केळीचं पान पुसून दिलं, आणि अंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर देवघराशेजारी पाट मांडलेला, पाटावर माझा जर्मन, त्याला झेंडूचा हार, आणि कपाळावर गंध.

सुदैवाने फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. नाहीतर त्या दिवशी मलाही हार लागला असता.

"आई, हे काय केलंस?"

"अरे, सगळं कळलंय मला," आई शांतपणे म्हणाली. "महिनाभर बघतेय, भिंग लावून बसतोस. आपल्या कुलवृत्तांतातले विनायकराव ना हे? पलटणीत गेले, समुद्रापार गेले, पुढे काही कळलं नाही, असं लिहिलंय बघ. त्यांचं कधी कुणी काही केलं नाही रे. तू शोधून काढलंस त्यांना, मला किती बरं वाटलं."

मी थक्क होऊन फोटोकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, तिची चूक म्हणता येईना. घारे डोळे, गोरापान, धारदार नाक, मिशी, आणि चेहऱ्यावर "मला सगळं माहीत आहे, तुम्ही सांगू नका" असा भाव. आमच्या कुलवृत्तांतातली निम्मी पानं याच चेहऱ्याने भरलेली आहेत. गणवेशाचं काय, तर तिच्या मते पलटण म्हटली की गणवेश आलाच.

मी तोंड उघडणार तोवर ती पान वाढून, फोटो बरोबर घेऊन लिफ्टकडे निघालीसुद्धा.

खाली, ब्लॉकच्या बाजूला हिरवळीवर, एका डेरेदार झाडाखाली आईने वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पान ठेवलं, आणि आम्ही बाकावर बसलो. इथे पक्ष्यांना खायला घालणं म्हणजे दंडाचं काम. माझं अर्धं लक्ष पाटीकडे, अर्धं आईकडे. आईने सकाळी डायबेटिसची गोळी घेतली होती, आणि कावळा शिवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती.

झाडावर सातआठ कावळे होते. बिशानचे कावळे म्हणजे काय चीज आहे, ते इथे राहिलेल्यांना माहीत आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, तुम्ही टिश्यू आणायला वळलात तर तुमच्या ताटातली कोंबडी नेतात. त्या कावळ्यांनी वड्यांकडे बघून मान फिरवली. दहा मिनिटं झाली, वीस झाली... अर्धा तास झाला.

"विनायकराव, मुलाबाळांचं चांगलं चाललंय," आई हात जोडून म्हणाली. "सुहासला प्रमोशन मिळालं. फ्लॅट घेतलाय. काळजी करू नका."

कावळे ढिम्म. मला प्रमोशन मिळालं नव्हतं, पण तेव्हा तो मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

शेजारच्या ब्लॉकमधले चिनी अंकल पट खेळता खेळता उठून आले. त्यांनी पान बघितलं, फोटो बघितला, आईचे जोडलेले हात बघितले. त्यांच्याकडे पितरांचं सगळं असतंच, त्यांना काही समजावावं लागलं नाही.

"फॉर ॲन्सेस्टर, अ?" ते म्हणाले. "सेव्हन्थ मंथ ओव्हर ऑलरेडी. यू लेट, लाह."

आणि त्यांचा भुतांचा महिना खरोखरच आदल्या दिवशी संपला होता. अंकल जागचे हलले नाहीत, तिथेच उभे राहून बघू लागले.

पाऊण तास झाला. आईचा हात थरथरायला लागला. साखर उतरत होती. तेव्हा मात्र माझा संयम संपला.

"आई, पुरे. चल वर आणि खा. हे विनायकराव नाहीत. हा जर्मन आहे."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता रडेल. पण नाही.

"मग मघाशीच सांगायचं नाही का?" ती चिडून म्हणाली. "मी बसलेय आपली मराठीत बोलत. त्या बिचाऱ्याला काय कळणार?"

"अगं, तो प्रश्न नाहीये..."

"पान त्याच्या नावाने वाढलंय. आता जर्मन असो नाहीतर कोणी, उपाशी उठवायचं नाही. नाव काय त्याचं?"

"तेच तर ठरत नाहीये ना! ऑगस्ट असावा."

"मग घे नाव."

मी खाली मान घालून म्हणालो, "ऑगस्ट." काही नाही. "विल्हेल्म?" काही नाही. अंकलनी मागून सुचवलं की मे बी ही डोन्ट लाइक द फूड.

"काय राहिलं असेल रे याचं?" आईने विचारलं. आवाज खोल गेला होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. न पाहिलेला बाप, उशाशी ठेवलेला फोटो, रोजचं गुड मॉर्निंग, रिबिनीचा घोटाळा, आणि वर कॉम्प्युटरमध्ये तयार असलेली माझी मेल. आईने सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू ती पाठवणार आज?"

"खरं आहे ते सांगायला नको?"

"मरणाऱ्या बाईच्या उशाखालून फोटो ओढणार तू? आणि वर इथे त्याला जेवायला बोलावतोस? मी त्याच्या जागी असते तर मीही नसते आले. सांग त्याला, नाही पाठवत म्हणून."

मला हसू येत होतं, रागही येत होता. पण आईच्या कपाळावर घाम दिसत होता. तिने दोन घास खावेत, एवढ्यासाठी, केवळ एवढ्यासाठी, मी झाडाकडे बघून म्हटलं, "बरं. नाही पाठवत मेल. तुमचा फोटो तुमच्या मुलीजवळच राहील. झालं?"

वाक्य संपलं, आणि एक कावळा खाली आला. झाडावरून नव्हे, पलीकडच्या कार पार्कच्या बाजूने. सरळ पानावर. आधी एक वडा, मग दुसरा, मग खीर, मग भात. झाडावरचे सातआठ तसेच बसून राहिले, एकही खाली आला नाही. बिशानच्या कावळ्यांनी दुसऱ्याचं जेवण होईपर्यंत थांबावं, हे मी आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. पान मोकळं झालं आणि तो उडून गेला.

"वा, हंग्री," अंकल म्हणाले, आणि परत पट खेळायला गेले.

आई वर आली आणि व्यवस्थित जेवली. मी मेल पाठवली नाही. कावळ्यावर विश्वास बसला म्हणून नाही – शब्द दिला होता म्हणून. फोटो इल्झेला परत पाठवताना फक्त "मिळाला, आभारी आहे" एवढंच लिहिलं, आणि तीन आठवडे स्वतःवर वैतागत राहिलो की मी खोट्याला गप्प राहून साथ देतोय.

मग इल्झेची मेल आली. एका चुलत बहिणीकडे आजीची जुनी पत्रं सापडली होती. लेफ्टनंट होता तो ऑगस्ट. विल्हेल्म धान्याच्या कोठारावर होता आणि शेवटच्या हिवाळ्यात तापाने गेला. शेजारणींचे नवरे लढताना मेले आणि आपला पोती मोजताना, हे आजीला सोसवेना, म्हणून तिने लेकीला सांगताना दोघांची अदलाबदल करून टाकली होती. म्हणजे रिबीन खरी होती. फोटो विल्हेल्मचाच होता. माझं पहिलं उत्तर बरोबर आणि कारण चूक, दुसऱ्यांदा कारण बरोबर आणि उत्तर चूक. मेल गेली असती, तर मी पुराव्यानिशी त्या बाईचा खरा बाप तिच्यापासून तोडला असता.

नोव्हेंबरमध्ये म्हातारी गेली. फोटो हातात होता.

मी बरीच डोकेफोड केली. कावळा भुकेला असेल, बाकीच्यांचं पोट भरलेलं असेल, आम्ही हललो नाही म्हणून धीर आला असेल. एकेक कारण पटतं. कावळा त्या वाक्याला, त्याच क्षणी यावा, आणि फोटो खरोखर विल्हेल्मचाच निघावा – हे सगळं एकत्र धरलं की एकही पटत नाही.

तिच्या आईचं सगळं आटोपल्यावर इल्झेने मला फोन केला. मूळ फोटो बघूनही मी गप्प का राहिलो, हे तिला जाणून घ्यायचं होतं. रिबीन आता तिलाही समजली होती. मला खोटं सुचेना. मी सगळं सांगितलं – अमावास्या, पान, कावळा, माझी आई.

मग तिने सांगितलं की आजोबांचं शेवटचं पत्र तिने नुकतंच वाचलंय. रोज हजार माणसांचा पाव मी तोलून देतो, त्यात लिहिलं होतं, आणि स्वतःच्या वाट्याचा अर्धा तुम्हाला पाठवायला बाजूला ठेवतो, पण टपालच जात नाही.

"त्याने काय खाल्लं?" तिने विचारलं.

मी एकेक पदार्थ सांगितला. वडा म्हणजे काय, खीर म्हणजे काय, तेही सांगितलं.

"पोट भरलं असेल ना त्याचं?"

मी म्हटलं, हो, भरलं. पानावर काही उरलं नव्हतं.

ती रडायला लागली, आणि इंग्रजी सोडून जर्मनमध्ये काहीतरी बोलत राहिली. मला जर्मन येत नाही, त्यामुळे मी नुसता फोन कानाशी धरून बसून राहिलो.