मामंजींचं राखीव लाकूड

दुबलगुंडीच्या आमच्या शेतात बांधावरचा म्हातारा आंबा वादळात पडला, आणि त्याच संध्याकाळी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर केलं, "खोडाला कुणी हात लावायचा न्हाई. ते माझं हाय."

"कामून? पलंग करायलात का?" मी विचारलं.

"सरणाला."

घ्या! धडधाकट माणूस, ताटात भाकरीचा तुकडा न उरवणारा, आणि निघाला सरणाच्या तयारीला! पण त्यामागं दुखणं होतं. त्यांचे वडील भर पावसात गेले. ओलं लाकूड काही केल्या पेटेना, शेवटी रॉकेल ओतलं, धुरानं माणसं उठून गेली. "बापाला धड जाळताबी आलं न्हाई मला," हे ते अजून घोकतात. मग मी काय बोलणार? अंघोळीच्या पाण्याला तुराट्या जाळत राहिले, पण डोळा खोडावरच होता.

दर उन्हाळ्यात मामंजी त्या खोडावर बसून आंबे चोखायचे, कोया तिथंच टाकायचे आणि उठताना खोड ठोकून बघायचे. "हाय की अजून दगडावानी!" वरचं अंग उन्हानं वाळलेलं, ते वाजणारच! खरा कारभार खालून चालला होता. मातीला टेकलेल्या बाजूनं ओल धरली होती. तिथली साल उचकटली की आत पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसायचं, आणि पावसात त्यातूनच भूछत्रं फुटायची. मागोमाग वाळवी आली, भुंगेऱ्यांच्या लठ्ठ अळ्या आल्या, अळ्यांसाठी सुतारपक्षी आला. एवढा गाव वसला तरी मालकाला पत्ता नाही! सांगायला माझी जीभ नुसती वळवळायची, पण नवऱ्यानं दम भरला होता.

शेजारच्या शेतातले अण्णा लिंगायत, त्यांच्यात पुरतात. ते जाता-येता मामंजींना डिवचायचे, "आमचं बरं हाय बघ. खड्डा काढला की झालं. तू बस लाकूड राखत!"

यंदा पाऊस उघडल्यावर मामंजी सवयीनं खोडावर टेकले आणि खोड भसकन खचलं. मामंजी कमरेपर्यंत आत! अण्णा आणि मी पळत गेलो. हसू दाबत मी हात दिला, तर ते उठेनात. मूठभर भुगा हातात घेऊन बघत बसले होते. काळाभोर, भुसभुशीत, लाकूड म्हणावं असं त्यात काही उरलंच नव्हतं.

"म्हंजे मला बी ओल्याच लाकडावर ठिवणार का रे?" ते अण्णांना म्हणाले. डोळे भरले होते. माझं हसू पार मेलं. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात त्यांची नजर पायाशी गेली. भुग्यातून आंब्याचं रोप वर आलं होतं, तांबूस कोवळ्या पानांचं. त्यांनीच टाकलेल्या कोयीचं. मामंजींनी ते निरखून पाहिलं, धोतर झटकलं आणि उठले.

"काट्या आणा. कुंपण घालू, न्हाईतर शेळ्या खातील."

अण्णांना राहवलं नाही. "आता हे कशाला राखायलास बाबा?"

"सरणाला," मामंजी म्हणाले. "ह्याचं खोड भरंपर्यंत मला कुठं जाता येत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "बघायलीस काय पोरी? जा, भाकरी टाक."