बांधावरची तीन ताटं

कुठं ओल्या सिमेंटवर कुणी पाणी मारत असलं की मी अजून रस्त्यात थबकते. सोबतच्या माणसाला वाटतं, माझं काहीतरी घरी विसरलं. विसरलेलं काही नसतं. त्या वासानं मला पाथर्डी रस्त्यावरची वडिलांची पत्र्याची शेड आठवते, ब्लॉकांवर अंथरलेली ओली गोणपाटं आठवतात, आणि शेजारच्या मळ्यातली आक्कांची शेवंती आठवते.

वडील शेडला कारखाना म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. एक मिक्सर, एक थरथरणारं लोखंडी टेबल, रबराचे साचे आणि पाच-सहा माणसं, एवढाच तो पसारा. त्याआधी वडील इगतपुरीकडे धरणाच्या कामावर मिक्सर चालवत. ते काम संपलं तेव्हा त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि नाशकात नेमकी अंगणापासून फुटपाथपर्यंत जिथं तिथं ब्लॉक बसवायची हौस सुरू झाली होती. सकाळी टेबल चालू झालं की आमचे दात हलायचे. साच्यातून नागमोडी कडांचे लाल-करडे ब्लॉक निघायचे, आणि त्यांच्या थप्प्यांवर बसून आम्ही भावंडं भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. टरफलं टाकली म्हणून बोलणीही तिथंच खायचो.

आक्का आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण नात्यातल्या कुणाचा आमच्यावर एवढा हक्क नव्हता. नवरा लवकर गेला, दीड एकराचा मळा त्यांनी एकटीनं राखला. मेथी-कोथिंबीर बारमाही, आणि दसऱ्यापासून पुढे शेवंती. ही शेवंती त्यांच्या सासूनं लावलेली. दरवर्षी जुन्या झाडांच्याच फुटव्यांची रोपं करून त्या ती जपत आल्या होत्या. फूल लहान, पांढरं, मध्ये जरासं पिवळं, आणि वास असा की वर्गात मी कुठल्या बाकावर बसलेय ते बाईंना न बघता कळायचं. शाळेच्या सगळ्या वर्षांत माझ्या केसांत त्याच शेवंतीची वेणी असे.

सिंहस्थ जवळ आला तशी ब्लॉकांची मागणी वाढली आणि टेबल दिवसभर चालू राहू लागलं. एके दिवशी आक्का बांधावरूनच वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मशिनीची धूळ माझ्या फुलावर बसती. बाजारात बाया फूल फुंकून बघत्यात आन् बाजूला ठेवत्यात."

"आक्का, ती रस्त्याची धूळ. ट्रक किती वाढलेत बघा ना," वडील म्हणाले.

दोघं कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. ती दोघं नुसती कमी बोलायला लागली. आक्कांकडून येणारी मेथीची जुडी बंद झाली, आणि आईनं ती बाजारातून आणली त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकत होते आणि शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. ब्लॉक बनवताना हवा, पाणी, जमीन यांवर काय परिणाम होतो ते तपासायचं ठरलं. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे तुझा बाप किती पापी, ते मोजणार का तू?" पण मनातून त्यांना आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी आक्कांना त्यांनीच बोलावून घेतलं. धूळ आमची निघाली तर मिक्सर आणि खडीच्या कचीचा, म्हणजे बारीक चुऱ्याचा, ढीग पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मध्ये भिंत घालायची, असं त्यांनी कबूल केलं.

"आन् नाय निघाली तर मी शेवंती सोडते," आक्का म्हणाल्या. "मळक्या फुलाला कोन इचारतंय? पोरगी सांगंल ते मला मान्य."

त्या उन्हाळ्यात मी भयंकर शहाणी होते. वाळू कुठल्या नदीतून येते, सिमेंट किती लांबून येतं, गोणपाटं भिजवायला विहिरीचं किती पाणी लागतं, मिक्सर धुतलेलं पाणी कुठं मुरतं, सगळं वहीत उतरवलं. धुळीसाठी स्टीलची ताटं मांडली. दोन आमच्या फाटकाशी, तीन आक्कांच्या बांधावर, विटांवर ठेवून. बांधावरच्या तिनांतलं एक आईच्या रुखवतातलं, तिचं माहेरचं नाव कोरलेलं. दर रविवारी सकाळी मी ताटातली धूळ पाण्यानं बाटलीत उतरवून घ्यायची आणि कॉलेजात वाळवून तिचं वजन करायची. सरांनी बजावलं होतं, दोन्ही बाजूंना फार काही सांगत बसू नकोस, कुणीतरी ढवळाढवळ करतं. म्हणून मी आक्कांना एवढंच सांगितलं, "ही ताटं जागची हलवायची नाहीत हं."

"नाय हलवत बाई," त्या म्हणाल्या.

फाटकावरच्या ताटांत दर आठवड्याला करड्या धुळीचा थर असे. बांधावरची ताटं जवळपास स्वच्छ. एखाद्याला शंका आली असती. मला सिद्धांत सुचला. वारा उलट दिशेनं वाहतो, धूळ जड असल्यामुळे फाटकापाशीच बसते, असं मी बाणांच्या आकृतीसह लिहिलं. खरं सांगायचं तर ते उत्तर मला हवंच होतं. वडिलांची बाजू खरी ठरत होती आणि माझं काम सोपं होत होतं, मग दुसऱ्यांदा कोण बघतो?

जूनमध्ये चहा ठेवून सगळ्यांसमोर मी निष्कर्ष वाचला. आक्कांच्या फुलांवरची धूळ कारखान्याची नाही. वडील खाली बघत राहिले. आक्कांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "तू म्हंतीस तर तसंच आसंल." त्या आठवड्यात त्यांनी शेवंतीच्या जुन्या वाफ्यांवर नांगर फिरवून घेतला आणि तिथं गुरांसाठी घास पेरला. दसऱ्याला आमच्या दाराला पहिल्यांदाच बाजारची फुलं लागली.

दिवाळीत आईनं फराळासाठी ती ताटं काढली आणि त्यातली तीन उजेडात धरून बघत बसली. "ही एवढी लखलखीत कशी? राखेनं घासलीत कुणीतरी." आमच्या घरी भांड्यांची पावडर होती. चुलीची राख फक्त आक्कांकडे होती. मी तशीच मळ्यात गेले.

"आक्का, ती बांधावरची ताटं..."

"रोज घासत व्हते की," त्या घास कापता कापता म्हणाल्या. "सांजच्याला बघावं तर ही धूळ! तुझ्या आईच्या लग्नातलं ताट, मी जेवले हाय त्यात. तसं कसं पडू देऊ? पन हलवलं नाय हां. जिथल्या तिथं घासून ठेवलं."

आमच्याकडे कुठलीही बाई घासल्याशिवाय ताट रात्रभर ठेवत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि तरीही पुस्तकातला वारा सुचला. हे सुचलं नाही. मी रडतच त्यांना सगळं सांगितलं. ताटं कशाला होती, त्यांनी रोज काय धुऊन टाकलं, मी काय वाचून दाखवलं. त्यांच्या हातातला विळा थांबला.

"म्हंजी धूळ व्हती," त्या म्हणाल्या. मग कापलेला घास बाजूला ठेवत, "तवाच सांगायचं व्हतंस गं, पोरी. मला वाटलं, तुझा आभ्यास हाय, स्वच्छ दिसावा."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आक्कांना सांगितलंस का आधी?" मी हो म्हटलं. फराळाची बशी तशीच ठेवून ते शेडवर गेले. भाऊबीज झाल्यावर सगळी कामं बाजूला ठेवून त्यांनी मिक्सर पलीकडे नेला, आणि मोडक्या ब्लॉकांची भिंत बांधाच्या कडेनं चढली.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा ताटं मांडली, आणि या वेळी आक्कांना शेजारी बसवून सगळं समजावलं. "हात शिवशिवत्यात गं," त्या म्हणाल्या, पण कबूल झाल्या. रविवारी बघते तर दोन ताटांत पातळशी धूळ आणि तिसरं लख्ख. "त्याच्यावर तुझ्या आईचं नाव हाय," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दोन पुरंनात का तुला?" दोन पुरली. फाटकावर पूर्वी जेवढी धूळ साचायची त्याच्या मानानं ही अगदीच किरकोळ होती. मी प्रकल्प नव्यानं लिहिला, चूक कशी झाली त्यासकट, आणि सरांनी नेमकं तेच पान दोनदा वाचलं.

पावसाळ्यात आक्कांनी शेवंती लावली. पण सासूच्या शेवंतीचं एकही रोप उरलं नव्हतं. ओळखीच्या सगळ्या मळ्यांत विचारून झालं, शेवटी नर्सरीतून रोपं आणावी लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बांधावर बोलावलं आणि नव्या फुलांची पहिली वेणी हातात ठेवली. फुलं मोठी होती, पांढरीशुभ्र, धुळीचा कणही नव्हता. मी ती नाकाशी धरली. वास नव्हता.

"कसाय वास?" आक्कांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

त्यांनी वेणी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः हुंगली. "मोजायला शिकलीस," त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला मातर नाय शिकलीस." मग त्यांनी मला पाठमोरी वळवलं आणि ती वेणी माझ्या केसांत माळली.