रविवार कुठे बसतो

सिक्स्टेन रोसवालच्या दोन चादरी दोरीवर चढल्या होत्या, दोन अजून मशीनमध्ये गरगरत होत्या, इतक्यात तळघरातल्या धुण्याच्या खोलीचं दार उघडलं. कमरेवर टोपली घेऊन इंगेगेर्ड लिल्या उभी. सोसायटीची अध्यक्ष तीच.

"ही पाळी माझी आहे," ती म्हणाली.

स्वीडनच्या नॉरशॉपिंग शहरात माणूस एकवेळ भावाचा वाढदिवस विसरेल, धुण्याची पाळी विसरणार नाही. सिक्स्टेनने दाराशेजारच्या डिजिटल पडद्यावर पाहिलं. रविवार, एक ते चार: लिल्या. त्याचं नाव गायब. तो धावत जाऊन घरातून लॅपटॉप घेऊन आला.

कारण पाळ्यांची यादी चालवणारा सर्व्हर त्यानेच निवृत्तीनंतर हौसेनं उभारलेला. तेव्हापासून भिंतीवरचा लाकडी फळा, ज्यात जो तो आपलं छोटं कुलूप अडकवून पाळी धरायचा, माळ्यावर गेला होता. इंगेगेर्डचा जीव त्या फळ्यात. एक जरी तक्रार आली तरी फळा खाली येईल, असं तिने सभेत बजावून ठेवलं होतं.

आणि परवाच, शुक्रवारी, त्याने सर्व्हरखालचा जावा, म्हणजे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला होता. टांगा तोच, घोडा नवा. प्रोग्रामला हात लावला नव्हता. तो ज्या आभासी यंत्रावर धावतो ते तेवढं दुसऱ्या कंपनीचं आणलं, कारण जुन्याची देखभाल बंद झाली होती. सगळं कसं झरझर उघडू लागलं, म्हणून स्वारी दोन दिवस खुशीत होती.

टोपली उपडी घालून तो लॅपटॉप घेऊन बसला. इंगेगेर्ड बोलतच होती. सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारस वेदीच्या वस्त्रावर सांडला, पाचला पुन्हा उपासना, तिची पाळी खरं तर पुढच्या रविवारी. पण पडद्यावर आजच नाव दिसलं, तेव्हा तिने जिन्यातच देवाचे आभार मानले.

पुढच्या रविवारी! सिक्स्टेनला गाठ सापडली. प्रोग्राम पाळ्या आठवड्याच्या क्रमांकानं लिहितो, इथली माणसं बोलतात तशाच: सुट्टी एकोणतिसाव्या आठवड्यात, दाताचा डॉक्टर छत्तिसाव्यात. पण आपण स्वीडनमध्ये आहोत हे नव्या जावाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने अमेरिकेची रीत धरली, आणि रविवार आठवड्याच्या शेपटावरून उठून डोक्यावर जाऊन बसला. चौतिसाव्यातली, म्हणजे आजची, सिक्स्टेनची पाळी मागच्या रविवारी पळाली, पस्तिसाव्यातली इंगेगेर्डची आज उगवली.

त्याने मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"म्हणजे तुझं यंत्र रविवारला आठवड्याचा पहिला दिवस मानतं?"

"हो. माझीच चूक."

"चूक कसली? बायबलात तेच लिहिलंय. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, सिक्स्टेन."

त्याने प्रोग्रामच्या मांडणीत एक ओळ घातली: भाषा स्वीडिश, देश स्वीडन. सर्व्हर बंद करून सुरू केला. पडद्यावर रोसवाल परत आला. मग त्याने आपल्या निथळत्या चादरी काढल्या आणि मशीन तिला दिलं.

धुतलेलं वस्त्र दोघांनी दोन टोकं धरून चुण्या मोडणाऱ्या दाबयंत्राच्या रुळांतून काढलं. तो तिच्या तक्रारीची वाट पाहत होता. शेवटी तीच म्हणाली, "देवानं दिलेल्या पाळीची तक्रार मी कशी लिहू? राहू दे फळा माळ्यावर. पण हे वेदीवर तूच नेऊन घालायचंस. पाद्रीबाई तुझा चेहरा विसरल्यात."

पावणेपाचला ओल्या चादरी टोपलीत तशाच ठेवून सिक्स्टेन वेदीचं वस्त्र पोचवायला चर्चकडे निघाला.