हॉर्नची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आक्काला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. निपाणीत माझ्या मोटरसायकलवर टेप होता. हसू नका — तेव्हा ती केवढी ऐट होती! आधी एकच स्पीकर, हँडलला बांधलेला, डबा बडवल्यासारखा वाजायचा. मग बेळगावहून मोटारीतला टेप आणला, मागे कॅरियरवर लाकडी पेटीत दोन मोठे स्पीकर बसवले, वर अँप्लिफायर. वरातीत नवरदेवाच्या पुढे माझी गाडी असायची. मी स्वतःला काय समजत होतो कोण जाणे.

पण बॅटरी बिचारी एकच. हॉर्न दाबला की गाणं घोगरं व्हायचं, रेंगाळायचं. चारचौघांत हसं नको म्हणून — एवढ्यासाठीच — मी हॉर्नची वायर काढून ठेवली. गाणंच एवढं मोठं, हॉर्न हवाय कशाला?

आक्काचे यजमान, आमचे दाजी, साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर. एकदा घरी आले असताना तातडीनं संकेश्वरला जायचं म्हणून त्यांनी गाडी मागितली. मी काय सांगितलं? "टेपला तेवढा हात लावू नकासा दाजी, कॅसेट अडकती." हॉर्नचं विसरलो, असं म्हणता आलं असतं — पण विसरलो नव्हतो. त्यांनी किक मारली तेव्हाच आठवलं होतं. ड्रायव्हर माणूस, सगळ्यांसमोर झाडतील म्हणून गप्प बसलो. म्हणजे त्या दिवशी गाडीवर ना गाणं, ना हॉर्न.

वळणावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई आडवी आली. तिचा पाय कायमचा अधू झाला.

दाजी एकच सांगत होते, "हॉर्न दाबला हुता रं मी, वाजलाच न्हाय." आणि मी? घरचे सगळे दवाखान्यात असताना, अंगणात आणून लावलेल्या गाडीची वायर मी जोडली. दुसऱ्या दिवशी दाजींनी सगळ्यांदेखत बटण दाबलं. खणखणीत वाजला. ते कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"माझाच हात चुकला असंल," म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं ना? ओठांपर्यंत आलं होतं. आक्का रडत होती, शेजारी जमले होते — आणि मी भेकड होतो, दुसरं काही नाही.

दाजींनी जीप सोडली. तंबाखूच्या वखारीत पोती उचलायला लागले. पुन्हा कुठल्या गाडीच्या हँडलला त्यांनी हात लावला नाही. मी स्पीकर काढून विकले — त्यानं काय होणार होतं?

पुढे कधी चिकोडीला जाताना ते माझ्या मागे बसायचे. प्रत्येक वळणाआधी खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणायचे, "हॉर्न दे रं."

मी द्यायचो. वाजायचा.